बाळंतिणीचे ताट, बाळाची वाटी

घरात बाळ जन्माला आले की पहिली चौकशी होते ती वजनाची. दुसरी, दूध उतरले का याची. बाळाच्या आईने आज दुपारी काय खाल्ले, ही चौकशी झालीच तर तिची आई करते, आणि तीही बाळंतपण माहेरी झाले असेल तर. पहिले सहा महिने बाळाचे हाड, मांस, रक्त, मेंदू असे जे काही वाढते, ते सारे आईच्या दुधावर वाढते. ते दूध कशातून तयार होते, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही. म्हणून आजच्या लेखात बाळाच्या आधी आईच्या ताटाकडे पाहू.

गरोदर बाईला आपण 'दोन जिवांची' म्हणतो, तिचे डोहाळे पुरवतो, ओटी भरतो, शेजारणी डबे आणून देतात. हे सगळे योग्यच आहे. पण पोषणाचा हिशेब मांडला तर बाईला खरी जास्त भूक लागायला हवी ती बाळंतपणानंतर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये आहाराची सुधारित प्रमाणे ठरवली. त्यांनुसार गरोदर स्त्रीला नेहमीच्या आहाराव्यतिरिक्त रोज सुमारे ३५० उष्मांक (म्हणजे कॅलरी) जास्त लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० उष्मांक जास्त लागतात. प्रथिनेही पहिल्या सहा महिन्यांत रोज १७ ग्रॅमच्या आसपास जास्त हवीत.

हे ६०० उष्मांक येतात कुठून आणि जातात कुठे, हे समजायला सोपे आहे. आई दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध देते. दर १०० मि.लि. दुधात ६५ ते ७० उष्मांक असतात, म्हणजे पाचशेच्या आसपास उष्मांक थेट बाळाच्या पोटात जातात. शिवाय दूध तयार करण्याच्या कामातही शरीराची शक्ती खर्च होते.

ताटाच्या भाषेत सांगायचे तर एक मध्यम जाडीची ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध एवढे नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त पोटात गेले की उष्मांक भरून निघतात आणि प्रथिनेही पुरेशी मिळतात. यात महाग असे काही नाही. अडचण पैशापेक्षा वेगळ्याच गोष्टीची असते. बाळंतीण जेवायला बसली की बाळ रडते, ती अर्ध्या ताटावरून उठते, आणि परत येते तोवर भाकरी गार झालेली असते. दिवसात दोन जेवणांवर हा हिशेब भरत नाही. तीन जेवणे आणि मध्ये दोन वेळा काहीतरी खाणे, असे पाच वेळा तिच्यासमोर कोणीतरी ताटली ठेवली पाहिजे. ती स्वतःहून मागणार नाही, हे गृहीत धरूनच ठेवली पाहिजे.

अर्धपोटी आईचे दूध

'मीच धड खात नाही, मग माझे दूध बाळाला कसे पुरेल?' असे म्हणून कित्येक जणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच वरचे दूध सुरू करतात. त्यांच्यासाठी एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. १९५०च्या दशकात डॉ. सी. गोपालन यांनी कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत गरीब घरांतील मातांच्या दुधाचा अभ्यास केला. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. अपुरे खाणाऱ्या या मातांनाही दूध बऱ्यापैकी येत होते, आणि त्यातली प्रथिने चांगल्या खाणाऱ्या बायकांच्या दुधाच्या जवळपास होती. काही जीवनसत्त्वे मात्र त्या दुधात कमी होती.

या एका निष्कर्षात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात. पहिली ही की, आई अशक्त आहे म्हणून तिचे दूध बंद करणे चूक. दूध 'पातळ' दिसते, 'निळसर' दिसते म्हणूनही बंद करणे चूक, कारण आईचे दूध तसेच दिसते. बाळ दिवसातून सहा-सात वेळा भरपूर लघवी करते आहे आणि वजन वाढते आहे, तर दूध पुरते आहे. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या वजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, हा ढोबळ ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो. दूध वाढवण्याचा खात्रीचा उपायही एकच. बाळाने वारंवार, रात्रीसुद्धा, अंगावर पिणे. बाळंतशोपा, अळीव, शेपू जरूर खावेत, पण स्तन रिकामा झाल्याशिवाय नव्याने भरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. दुधातले सगळे घटक एकाच मार्गाने येत नाहीत. काही घटक आईने खाल्ले काय आणि न खाल्ले काय, दुधात उतरतातच, आणि आईच्या अंगातून वसूल होतात. काही घटक मात्र आईने खाल्ले तरच दुधात उतरतात, नाहीतर बाळाला मिळतच नाहीत. पहिल्या प्रकारात नुकसान आईचे होते, दुसऱ्यात बाळाचे. बाळंतिणीच्या पथ्याचा विचार या दृष्टीने केला तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

कॅल्शियम पहिल्या प्रकारातले. दुधावाटे बाळाला रोज सुमारे २०० मि.ग्रॅ. कॅल्शियम जाते, म्हणजे सहा महिन्यांत पस्तीस-चाळीस ग्रॅम. आईच्या आहारात ते नसले तरी दुधात ते कमी होत नाही, कारण ते तिच्या हाडांतून काढले जाते. बाळाने अंगावरचे सोडल्यावर हाडे बहुतांशी पूर्ववत होतात, पण त्यासाठी आहार आणि उसंत दोन्ही लागतात. वर्ष-दीड वर्षात दुसरे गरोदरपण आले तर ती उसंत कुठली? पाजणाऱ्या आईला रोज १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते, तिळात हजाराच्या वर. पण तीळ आपण चिमटीने खातो, म्हणून त्यावर भिस्त ठेवून चालत नाही. दूध, दही, नाचणीची भाकरी, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या असे मिळून हा आकडा गाठायचा. सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या गरोदरपणी मिळतात, तशाच बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या असतात. दिवसातून दोन, जेवणासोबत.

लोहाची गोष्ट थोडी निराळी. आईच्या दुधात लोह मुळातच थोडे असते, पण जे असते ते बाळाच्या अंगी चांगले लागते. शिवाय बाळ पोटात असतानाच सहा महिन्यांपुरता साठा बरोबर घेऊन येते. जन्मानंतर नाळ लगेच न चिमटता एक ते तीन मिनिटे थांबले तर वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि हा साठा वाढतो. हल्ली सुईणकामाच्या प्रशिक्षणात हे शिकवतात. आईने लोहाच्या गोळ्या घ्यायच्या त्या तिच्या स्वतःसाठी, बाळंतपणात गेलेल्या रक्तासाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणून बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक, अशी लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी सांगितलेली आहे. ही गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. चहाबरोबर तर मुळीच नको. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर लोह अधिक अंगी लागते.

आता दुसरा प्रकार. ब गटातील जीवनसत्त्वे, त्यातही बी-१ आणि बी-१२, तसेच 'अ' जीवनसत्त्व आणि आयोडीन. हे आईच्या ताटात नसेल तर दुधात कमी पडते.

बी-१२ आणि 'दृष्ट लागलेले' बाळ

बाळ सहा-आठ महिन्यांचे आहे. फक्त अंगावर पिते. अंगाने भरलेले आहे, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण हळूहळू ते फिकट दिसू लागते. हसायचे ते हसेनासे होते. बसायला शिकले होते ते लोळू लागते. केस विरळ आणि तांबूस होतात, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते. पुढे हातपाय, मान थरथरू लागतात. घरात मीठ-मोहरी ओवाळली जाते, गंडेदोरे होतात, आणि त्यात महिना जातो.

१९६२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच बाळांविषयी लिहिले. या बाळांच्या रक्तात बी-१२ कमी होते, आणि त्यांच्या मातांच्या दुधातही कमी होते. बी-१२ दिल्यावर बाळे सुधारली. त्याला आता साठ वर्षे उलटून गेली, तरी अशी बाळे आजही येतात. वेळेत उपचार मिळाले तर फिकटपणा जातो, बाळ पुन्हा हसू लागते. उशीर झाला तर शिकलेल्या गोष्टी परत यायला फार काळ लागतो, आणि काही वेळा बुद्धीच्या वाढीत कमतरता राहून जाते.

बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. आपल्या भागात मांसाहार करणारी घरेसुद्धा आठवड्यातून एखाद्याच दिवशी करतात, आणि त्यातला बाईच्या वाट्याला रस्सा येतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी होते. म्हणजे ही काही एखाद्या कट्टर शाकाहारी घराची गोष्ट नाही.

'आमच्याकडे दूध असते' असे सांगितले जाते. ते बहुधा चहातले असते. चहातल्या दोन चमचे दुधाने बी-१२ भरत नाही. पाजणाऱ्या आईला ते रोज ३.२ मायक्रोग्रॅम लागते. त्यासाठी दूध आणि दही मिळून रोज निदान अर्धा लिटर पोटात जायला हवे, आणि शक्य असेल तर अंडे. यापेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी घ्यावी, आणि ती शक्यतो गरोदरपणापासूनच घ्यावी. सरकारी लाल गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते. पुष्कळ जणींची समजूत असते की त्या एका गोळीत सगळेच येते.

पथ्य कोणते पाळावे?

आपल्या आज्यांनी बाळंतिणीसाठी जे पदार्थ ठरवले, त्यांत शहाणपण आहे यात शंका नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीचे लाडू, खसखस, खारीक, सुके खोबरे, बाजरीची भाकरी आणि तूप. थोड्या घासात पुष्कळ उष्मांक, शिवाय बऱ्यापैकी लोह आणि कॅल्शियम. जिला एका बैठकीत पोटभर जेवायला सवड नाही, तिला एका हाताने बाळ धरून दुसऱ्या हाताने खाता येईल असा हा खाऊ आहे. ज्याने लाडूचा आकार ठरवला त्याने हे पाहिले असावे.

पण लाडवांनी सगळे भागत नाही. त्यांत बी-१२ नाही, आयोडीन नाही, 'क' जीवनसत्त्व नाही. हे जिथून मिळायचे, नेमके तेच पथ्याच्या नावाखाली काढून घेतले जाते. दही-ताक थंड म्हणून बंद. फळे थंड म्हणून बंद. अंडी आणि मासे 'बाळाला बाधतात' म्हणून बंद. डाळी वातूळ, पालेभाज्यांनी बाळाला हिरवी शी होते, म्हणून त्याही बंद. मग उरतो तो मऊ भात, तूप, मेतकूट आणि भाकरी. सव्वा महिना हे चालते, काही घरांत तीन महिने.

पथ्याने बाळ कसे अडचणीत येते याचे एक टोकाचे उदाहरण काश्मीरमधले आहे. तिथल्या डॉक्टरांकडे दोन-तीन महिन्यांची, अंगावर पिणारी बाळे अचानक धाप लागून, अत्यवस्थ होऊन येत. शोध घेता त्यांच्या माता बाळंतपणाच्या पथ्यात भाज्या वगळून मुख्यतः पांढरा, पॉलिश केलेला भात खात होत्या असे आढळले. अशा तांदळात बी-१ नावाचे जीवनसत्त्व फार थोडे उरते, आणि जे उरते ते धुण्यात आणि पेज काढून टाकण्यात जाते. बी-१ चे इंजेक्शन दिल्यावर ही बाळे झपाट्याने सुधारली. आपल्याकडे ज्वारी-बाजरी आहे म्हणून ही वेळ सहसा येत नाही. पण बाळंतिणीला नुसत्या भातावर ठेवणाऱ्या घरांनी निदान पेज ओतून देऊ नये, आणि सोबत डाळ ठेवावी.

तेव्हा लाडू ठेवावेत आणि बंद्या उठवाव्यात. मुगाची, तुरीची डाळ चालते. दही ताजे असावे, एवढेच. पपई, पेरू, लिंबू, आवळा, संत्रे चालते. शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा, माठ रोज एक वेळ. एखाद्या पदार्थाने आईलाच त्रास होत असेल तर तो वगळावा. दुसऱ्याच्या अनुभवावरून नको. पाण्यावर बंधन तर मुळीच असू नये. 'पाणी प्यायले की पोट सुटते' या समजापायी बाळंतिणीला तहानेने कासावीस ठेवलेले पाहिले की वाईट वाटते. बाळ पाजायला घेण्यापूर्वी तांब्याभर पाणी तिच्या हाताशी असावे.

मिठाबद्दल एक सूचना. हल्ली पुष्कळ घरांत सैंधव वापरायची पद्धत आली आहे आणि बाळंतिणीला तर आवर्जून देतात. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' असे लिहिलेले नसेल तर त्यातून पुरेसे आयोडीन मिळत नाही. बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागते आणि पाजणाऱ्या आईची त्याची गरज एरवीच्या जवळजवळ दुप्पट असते. रोजच्या स्वयंपाकाला साधे आयोडीनयुक्त मीठच असू द्यावे, तेही बेतानेच.

आणि मिश्री. हा विषय घरात बोलला जात नाही, पण आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि बाळंतपणात पोट साफ व्हावे म्हणून ती वाढतेच. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातले निकोटीन दुधात उतरते. ती पूर्ण सुटत नसेल तर कमी करायला सुरुवात तरी व्हावी, आणि सासूबाईंनी स्वतः डबी बाजूला ठेवली तर सुनेला सोपे जाते.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी लाडवांचे डबे भरतात, दुसऱ्याला सासरी तेवढे भरत नाहीत, आणि मुलगी झाली तर कधी कधी मुळीच भरत नाहीत. दुधाला मात्र मुलगा-मुलगी कळत नाही. ज्या घरात खरोखरच ओढाताण आहे त्यांनी अंगणवाडीत नाव नोंदवायला संकोच करू नये. गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने मिळणारा तिथला आहार ६०० उष्मांकांच्या हिशेबानेच ठरवलेला आहे. आदिवासी भागात २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत एक वेळचे गरम जेवण देण्याची सोय केली गेली. हा आहार घरी आणून सगळ्यांत वाटला जातो, ही तक्रार सर्वत्र आहे. तो बाळंतिणीच्या वाट्याचा आहे.

चीक, गुटी, मध

गाय-म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस करतो, त्यात वेलदोडा घालतो, शेजारी वाटतो. त्याच घरात सुनेचा चीक 'जड' म्हणून पिळून टाकतात, याचे नवल वाटते. पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळसर चीक थोडाच असतो, पण त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये आणि 'अ' जीवनसत्त्व भरपूर असते. जन्मानंतर तासाभरात बाळ अंगावर घ्यावे. वर उल्लेखलेल्या पाहणीत महाराष्ट्रात हे निम्म्याहून थोड्याच अधिक बाळांच्या बाबतीत घडले होते.

सहा महिन्यांपर्यंत दुसरे काही नको, पाणीसुद्धा नको. आईच्या दुधात शंभरात ८७-८८ भाग पाणीच असते. विदर्भाच्या मे महिन्यातही बाळाची तहान त्यावर भागते, फक्त वरचेवर पाजावे लागते. जन्मताच सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची रीत आहे. मधात कधी कधी असे जंतू असतात की त्यांनी वर्षाच्या आतल्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो, म्हणून मध वर्षापर्यंत नको. गुटीचेही तेच. वेखंड, मुरडशेंग, जायफळ औषध असेल, पण सहाण आणि पाणी किती स्वच्छ, आणि वेढे किती घेतले, यावर कोणाचे नियंत्रण नसते.

याला अपवाद 'ड' जीवनसत्त्वाच्या थेंबांचा. ते आईच्या दुधात फार कमी असते. बाळाला कोवळ्या उन्हात ठेवले म्हणजे ते मिळते असा समज आहे, पण 'ड' तयार करणारे किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडेच असतात, आणि दुपारच्या उन्हात बाळाला ठेवता येत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ जन्मापासून वर्षापर्यंत रोज ४०० युनिट द्यायला सांगतात. बाटलीवर एका मि.लि.त किती युनिट ते वाचून घ्यावे, कारण सगळ्या बाटल्या सारख्या नसतात.

सहा महिन्यांनंतरची वाटी

उष्टावण मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रीत आहे. त्यामुळे मुलीचे कधी पाचव्यात होते, कधी सातव्यात जाते. बाळाच्या शरीराला ही गणती माहीत नाही. सहा महिने पूर्ण झाले की दोघांनाही वरचे अन्न हवे, कारण आईकडून आणलेला लोहाचा साठा आता संपत आलेला असतो. समारंभ केव्हाही करावा, वाटी वेळेवर सुरू करावी.

सहाव्यापासून आठव्या महिन्यापर्यंत वरच्या अन्नातून रोज साधारण २०० उष्मांक हवेत, नवव्यापासून ३००, आणि वर्षानंतर ५५०. बाकीचे अजून दुधातून मिळतात. आकडे छोटे वाटतात, पण बाळाचे पोटही छोटे आहे. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे मि.लि.च्या आसपास मावते. त्यात वरणाचे पाणी, भाताची पेज किंवा डाळीचा वरचा निवळ भरला तर पोट भरते आणि पोषण होत नाही. वरणाच्या पाण्यात हळद आणि मीठ असते, डाळ खाली राहते. आईचे दूध त्यापेक्षा कितीतरी सकस. म्हणजे सकस दूध कमी करून आपण पाणी पाजत असतो. दोन-तीन महिने असे गेले की वजनाचा काटा थांबतो, आणि मग 'अंगावरचे दूध आता निकस झाले' म्हणून दोष पुन्हा आईवर.

अन्न इतके घट्ट असावे की चमचा कलता केला तरी ओघळून जाऊ नये. मऊ खिचडी डाळीसकट कुस्करावी, मिक्सरमधून पाणी करू नये. वर चमचाभर तूप किंवा तेल, म्हणजे उष्मांक वाढतात आणि घास घशाखाली उतरतो. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीन वेळा. महिन्याभरात अर्ध्या वाटीपर्यंत यावे. नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी तीन-चार वेळा, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. भाजी, पिवळी-केशरी फळे, आणि खाणाऱ्या घरांत अंडे किंवा काटे काढलेला मासा रोज असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींतही बाळाला अंडे, मासे, मांस रोज द्यावे असे म्हटले आहे. अंडे वर्षापर्यंत थांबवायचे कारण नाही. मीठ-साखर वर्षापर्यंत जवळजवळ नसली तरी चालते. बाळाला अळणी लागत नाही, आपल्याला लागते.

नाचणीच्या सत्त्वाबद्दल मुद्दाम लिहितो. साधे पीठ शिजवले की फुगून लापशी दाट होते, मग आपण पाणी घालतो, आणि वाटीत पीठ कमी, पाणी जास्त असे होते. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळली तर मोडात तयार झालेले पाचक द्रव्य पिष्टाचे तुकडे करते. लापशी पातळ राहते, आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर काम केले. मोड आलेल्या धान्याचे चमचाभर पीठ घट्ट लापशीत घातले तरी ती सैल होते, असे त्यांना दिसले. म्हणजे बाजारातला महागडा डबा जे करतो ते घरची नाचणी करते. सत्त्व वस्त्रगाळ केले तर मात्र कॅल्शियमचा बराच भाग चोथ्यात जातो. म्हणून मोड आलेल्या नाचणीचे बारीक चाळलेले पीठ जास्त चांगले.

गाईचे-म्हशीचे दूध वर्षाच्या आत मुख्य अन्न म्हणून नको. त्यात लोह नगण्य, आणि दूध-बिस्किटांवर वाढलेली गुबगुबीत बाळे रक्ताने फिकट असतात. वरच्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरात सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होते. घरचे अन्न कितीही चांगले असले तरी लहान पोटात मावणाऱ्या घासांतून लोह पुरे पडणे अवघड जाते. म्हणून सहाव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मि.लि. लोहाचे औषध द्यायचे असते. आशाताईंकडे त्याची बाटली मागावी. जन्मतः वजन कमी असलेल्या बाळांना ते आधीच सुरू करावे लागते, तेव्हा डॉक्टरांना विचारावे. औषध दूध पाजल्यावर थोड्या वेळाने द्यावे, रिकाम्या पोटी नको. त्याने शी काळसर होते. ती काळी दिसली म्हणून घाबरून बाटली फळीवर ठेवून देऊ नये. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, पुढे दर सहा महिन्यांनी एक, पाच वर्षांपर्यंत. लसीकरणाच्या कार्डावर त्याचे रकाने आहेत, आणि दुसऱ्या वर्षानंतरचे बहुतेक कार्डांवर कोरेच असतात. आज कार्ड काढून पाहावे.